रांगेतला नववा

१९९८ सालचा श्रावण सरत आला होता. चतुर्थी तोंडावर होती. कट्ट्याच्या बाजारात एका पतपेढीच्या दारात सकाळी साडेनऊला रांग लागली आणि त्या रांगेत मी नववा होतो. पतपेढीचं नाव देत नाही. ती आता नाही, आणि तिचे संचालक कोणी दरोडेखोर नव्हते. मला त्यांच्याबद्दल नाही, रांगेबद्दल लिहायचं आहे.

मी तेव्हा शाळेत संस्कृत शिकवत असे. दोन महिन्यांपूर्वीच पतपेढीच्या वार्षिक सभेला गेलो होतो. चहा-बिस्किटांच्या आधी अहवाल वाचून काढणाऱ्या दोन-तीन सभासदांपैकी मी एक. थकबाकी होती, पण बुडण्याएवढी नव्हती. आंब्याच्या बागांवरची कर्जं, दोन ट्रक, काही घरदुरुस्त्या. माणसं सगळी ओळखीची. माझं मत पक्कं होतं की पेढी ठीक आहे. तरी मी रांगेत उभा राहिलो. माझ्या अठरा हजारांची ठेव मोडून घेतली. साडेअकराला रोकड संपली आणि शटर खाली आलं. माझ्या मागे तिसाव्या की पस्तिसाव्या नंबरवर आमच्या शेजारच्या काकी होत्या. त्या दूध घालून परत जाताना मला रांगेत बघून थांबल्या होत्या आणि घरी जाऊन पासबुक घेऊन आल्या होत्या. त्यांचे नऊ हजार आत राहिले.

त्या दिवशी मी जे केलं ते शहाणपणाचं होतं की मूर्खपणाचं, या प्रश्नाने मला पुढे बरीच वर्षं पुस्तकांत हिंडवलं. त्यातून हा लेख झाला.

आधी हिंदुस्थानातल्या अशा रांगांचा इतिहास थोडक्यात सांगतो. स्वदेशीच्या लाटेवर निघालेल्या पुष्कळ बँका १९१३ साली कोसळल्या. सप्टेंबरात लाहोरची पीपल्स बँक गेली. वर्ष सरायच्या आत मुंबईची इंडियन स्पेसी बँक गेली. ती चांदीच्या सट्ट्यात अडकली होती. पुढच्या चार-पाच वर्षांत ऐंशीहून अधिक बँका बुडाल्या. जॉन मेनार्ड केन्सचं हिंदी चलनावरचं पुस्तक त्याच वर्षी निघालं. हाताशी पुरेशी रोकड न ठेवता ठेवी गोळा करणाऱ्या इथल्या लहान बँका पहिल्याच वाईट दिवसात पडतील, असा इशारा त्याने त्यात देऊन ठेवला होता. पण केन्सने दाखवलेलं कारण अर्धं होतं. रोकड कमी असलेल्या सगळ्याच बँका पडत नाहीत. ज्यांच्या दारात रांग लागते त्या पडतात.

आपल्या दृष्टीने अधिक बोलकं साल १९६०. त्या वर्षी आधी अकोल्याची लक्ष्मी बँक बंद पडली. ऑगस्टमध्ये केरळातल्या पलई सेंट्रल बँकेचा गाशा गुंडाळावा म्हणून रिझर्व्ह बँकच उच्च न्यायालयात गेली. पलई काही गल्लीतली पेढी नव्हती. त्या राज्यातल्या मोठ्या बँकांत तिची गणना होई. या दोन बातम्यांनंतर लोकांनी इतर बँकांतूनही पैसे काढायला सुरुवात केली. वास्तविक या दोन बँका वाईट चालल्या होत्या एवढंच त्या बातम्यांतून सिद्ध होत होतं. तुमची-आमची बँकही वाईट आहे, हे काही त्यातून निघत नव्हतं. पण लोकांच्या मनात आजवर एक समजूत होती, आणि ती कोणी कधी बोलून दाखवत नसे: रिझर्व्ह बँक मोठ्या बँकेला पडू देणार नाही. पलईने ती मोडली. घराचा एक वासा काढायचा होता, लोकांनी आढं काढलं.

हा वासा आणि आढं यांचा प्रश्न तर्कशास्त्रात कसा मांडतात ते मला फार उशिरा कळलं. माणसाच्या मनात अनेक समजुती एकमेकींना धरून असतात. त्यांच्याशी न जुळणारी नवी माहिती आली की काहीतरी सोडावं लागतं. काय सोडायचं? १९८५ साली अर्जेंटिनाचे कार्लोस अल्चुरॉन, स्वीडनचे पीटर गार्देनफोर्स आणि ऑस्ट्रेलियात जन्मलेले डेव्हिड मेकिन्सन या तिघांनी या प्रश्नाचे नियम एका निबंधात मांडले. त्यातले दोन इथे पुरेत. पहिला: नवी माहिती आत घ्यायचीच. दुसरा: तिला जागा करून देण्यासाठी जुन्यातलं जेवढं कमी सोडता येईल तेवढंच सोडायचं. आपल्याकडचे शास्त्री याला लाघव म्हणाले असते. गार्देनफोर्सने पुढे असंही सुचवलं की काही समजुती मनात खोल रुतलेल्या असतात, काही वरवर असतात. सोडताना वरवरच्या आधी सोडाव्यात. १९६० च्या ठेवीदारांनी नेमकं उलट केलं.

या तिघांपैकी अल्चुरॉन हे कायद्याचे तत्त्वज्ञ होते. मेकिन्सनबरोबर त्यांनी हा विचार सुरू केला तो माणसाच्या मनाबद्दल नव्हता, कायद्याबद्दल होता: संहितेतलं एखादं कलम रद्द केलं तर त्याच्या आधाराने उभं असलेलं आणखी काय काय काढावं लागेल? हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ओटीवर येऊन बसलो. कारण आपल्याकडेही हा प्रश्न विधीतूनच निघाला होता, आणि तोही एका रांगेतून.

ती रांग अशी. सोमयागात एका ठिकाणी ऋत्विज एकामागोमाग वाकून चालत जातात. प्रत्येकाने पुढच्याचा कासोटा हातात धरलेला असतो. मध्येच कोणाचा हात सुटला तर त्याला ‘अपच्छेद’ म्हणतात आणि त्यावर प्रायश्चित्त आहे. उद्गात्याचा हात सुटला तर तो याग दक्षिणा न देता पुरा करायचा आणि पुन्हा नव्याने याग करायचा. प्रतिहर्त्याचा सुटला तर यजमानाने सर्वस्व दक्षिणा म्हणून देऊन टाकायचं. आता एकाच यागात आधी एकाचा आणि मग दुसऱ्याचा हात सुटला तर? एक विधी सांगतो काहीच देऊ नका, दुसरा सांगतो सगळं द्या. दोन्ही पाळता येत नाहीत.

जैमिनींच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात याचा निर्णय आहे. दोन्ही हात एकदमच सुटले तर यजमानाने वाटेल तो पर्याय घ्यावा. मागेपुढे सुटले तर नंतरचं बलवान, आधीचं दुर्बळ. कारण मोठं सुरेख आहे. आधीचं ज्ञान उपजलं तेव्हा नंतरचं जन्मलंच नव्हतं, त्यामुळे ते त्याला बाधणार कसं? नंतरचं मात्र आधीच्याला बाजूला सारल्याशिवाय उपजूच शकत नाही. हाच अपच्छेदन्याय. अंधारात साप दिसला, दिवा आणला, दोरी निघाली. दोरीने सापाला हटवलं. अद्वैत्यांनी पुढे याच न्यायाच्या बळावर सांगितलं की डोळ्यांना आधी दिसलेला भेद नंतरच्या उपनिषद्वाक्याने बाधला जातो. पाहावं तर अल्चुरॉन-गार्देनफोर्स-मेकिन्सन यांचा पहिला नियमच हा: नवं आत घ्यायचं.

पण मीमांसकांकडे याच्या उलट नियमही होता. त्याचं नाव उपक्रमन्याय. एका वेदवाक्याच्या आरंभी ऋग्वेद, यजुर्वेद, सामवेद यांची उत्पत्ती सांगितली आहे आणि शेवटी म्हटलं आहे की ऋक् मोठ्याने, यजुस् हळू, साम मोठ्याने. शेवटच्या ‘ऋक्’ शब्दाचा अर्थ तेवढे मंत्र असा घ्यायचा की अख्खा ऋग्वेद? निर्णय असा की आरंभी वेद म्हटलं आहे, म्हणून शेवटीही वेदच घ्यायचा. इथे आधीचं जिंकतं. सोळाव्या शतकात अप्पय्य दीक्षितांनी केवळ आरंभाचं बळ सिद्ध करायला एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि माध्वांच्या बाजूने विजयींद्रतीर्थांनी शेवटाचं बळ सांगणारा ग्रंथ लिहून त्यांना उत्तर दिलं. वाद किती पेटला असेल याची कल्पना यावी.

मग नवं केव्हा जिंकतं आणि जुनं केव्हा? याचं उत्तर सातव्या शतकात कुमारिल भट्टांनी दिलं आणि वाचस्पति मिश्रांनी ‘भामती’त ते उचललं. नंतरच्याचं बळ चालतं ते फक्त अशा ठिकाणी, जिथे दोन ज्ञानांचा जन्म एकमेकांवर अवलंबून नसतो. उद्गात्याचा हात सुटला आणि प्रतिहर्त्याचा हात सुटला, या दोन वेगळ्या घटना. एकीतून दुसरी निघाली नाही. पण एकाच वाक्याचा शेवट त्याच्या आरंभातूनच निघालेला असतो. तो आरंभावर उभा आहे, तेव्हा त्याने आरंभाला पाडू नये.

कोकणातल्या वाचकाला यासाठी लांब जायला नको. चिपळूणजवळच्या पेढे-परशुरामला जन्मलेल्या महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात मीमांसेच्या नियमांची मांडणी केली आहे. आणि वाईच्या प्राज्ञपाठशाळेने केवलानंद सरस्वतींचा मीमांसाकोश सात खंडांत छापून ठेवला आहे. एम्.ए.च्या वर्षात मी त्या कोशात अपच्छेद शोधला होता, परीक्षेपुरता. कट्ट्याच्या रांगेत उभा असताना तो मला आठवला नाही. आठवायला हवा होता.

कारण माझ्या पुढे आठ माणसं होती आणि मी मनात हिशोब केला तो असा: माझा एकट्याचा अंदाज की पेढी ठीक आहे; या आठांचा अंदाज की ती ठीक नाही. आठ विरुद्ध एक. नवं ज्ञान बलवान. पण ती आठ माणसं म्हणजे आठ स्वतंत्र ज्ञानं होती का? नंतर चौकशी केली तेव्हा कळलं ते असं. पहिले तिघं चतुर्थीच्या खर्चाला पैसे काढायला आले होते. माटवीचं सामान, किराणा, मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांची सोय. आमच्याकडे त्या आठवड्यात कोण पैसे काढत नाही? चौथ्याने मालवणात काहीतरी उडतं ऐकलं होतं आणि इथे तीन माणसं दिसल्यावर त्याला ते खरं वाटलं. पाचवा चौथ्यामुळे, सहावा पाचव्यामुळे. आठांमिळून पुरावा होता तो एका उडत्या वाक्याचा. मी मोजली डोकी, मोजायला हवे होते जन्म.

याच घोटाळ्याचं गणित १९९२ साली एका अर्थशास्त्रज्ञाने मांडलं होतं. अभिजित विनायक बॅनर्जी. जन्म मुंबईचा, आई निर्मला या माहेरच्या पाटणकर, स्वतः अर्थशास्त्राच्या अभ्यासक. तेव्हा निम्मा हक्क आपलाही आहे असं म्हणायला हरकत नाही. त्यांच्या निबंधातलं उदाहरण दोन उपाहारगृहांचं आहे. मी त्याच्या मालवणातल्या खानावळी करून सांगतो. शेजारी शेजारी दोन खानावळी, शंभर गिऱ्हाइकं. सर्वसाधारण समज पहिलीकडे किंचित झुकलेली, एक्कावन्नास एकोणपन्नास. शिवाय प्रत्येकाला एकेक खाजगी खबर आहे. नव्याण्णव जणांची खबर सांगते की दुसरी चांगली. एकाची सांगते पहिली चांगली. नेमका तो एकटा आधी येतो आणि पहिलीत शिरतो. त्याच्या मागच्याची खबर दुसरीच्या बाजूची आहे, पण पुढच्याची खबर पहिलीच्या बाजूची असणार हे त्याला दिसतं. दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात, उरते ती सर्वसाधारण समज, आणि तोही पहिलीत जातो. आता तिसऱ्याला दोघं आत गेलेले दिसतात. दुसऱ्याने स्वतःची खबर बाजूला ठेवली हे त्याला कळायला मार्ग नाही. अखेर शंभरच्या शंभर पहिलीत बसतात आणि दुसरी, म्हणजे चांगली, ओस पडते. यात कोणीच मूर्खपणा केलेला नाही. प्रत्येकाने पुढच्याकडे पाहून आपलं मत रीतसर सुधारलं आहे. त्याच वर्षी बिखचंदानी, हिर्शलायफर आणि वेल्श या तिघांनीही स्वतंत्रपणे हेच मांडलं.

इथवर आलो तेव्हा मला वाटलं, चला, निकाल लागला. कुमारिलांनी सांगितलेली अट मी मोडली. परावलंबी ज्ञानाला स्वतंत्र समजलो. अहवालावर टिकून घरी जायला हवं होतं.

पण हे उत्तर चुकीचं आहे, आणि त्याची चूक दाखवायला मीमांसा पुरत नाही. समजा मी अहवालावर टिकलो असतो आणि घरी गेलो असतो. पेढी ठीक होती हे माझं मत खरंच होतं. तरी साडेअकराला शटर पडलंच असतं आणि माझे अठरा हजार काकींच्या नऊ हजारांबरोबर आत राहिले असते. खानावळीत गर्दी झाली म्हणून तिथलं सोलकढीचं चव बदलत नाही. पेढीचं तसं नाही. रांग लागली की चांगली पेढी वाईट होते. १९८३ साली डायमंड आणि डिबविग या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी हे सूत्रात बसवलं. बँक दीर्घ मुदतीचं कर्ज देते आणि मागताक्षणी ठेव परत करायचं वचन देते. फक्त गरजवंतच येत राहिले तर हे वचन निभतं. सगळेच आले तर कोणतीही बँक ते निभवू शकत नाही. बाकीचे शांत राहतील असं वाटत असेल तर शांत राहणं शहाणपणाचं; बाकीचे धावतील असं वाटत असेल तर आधी धावणं शहाणपणाचं. दोन्ही समजुती स्वतःला खऱ्या करून दाखवतात. आणि दारात उभा असलेला माणूस चतुर्थीसाठी आला आहे की भीतीने, हे त्याच्या पाठीवरून ओळखता येत नाही.

म्हणजे त्या सकाळी माझ्यापुढे प्रश्न दोन होते आणि मी त्यांचा एक केला होता. पेढी ठीक आहे का? या प्रश्नाला रांग हा कच्चा पुरावा. लोक काय करतील? या प्रश्नाला रांग हाच पक्का पुरावा. तिथे ती माणसं कोणाच्या सांगण्यावरून आली याला काही किंमत नाही, ती आली आहेत एवढं बस. यागातल्या प्रतिहर्त्याचा हात सुटला की नाही, हे बाकीच्यांना काय वाटतं त्यावर ठरत नसे. म्हणून जैमिनींना दुसऱ्या प्रश्नाची गरज पडली नाही. खेळाचं शास्त्र सुरू होतं ते इथे, दुसऱ्याच्या समजुतीबद्दलची आपली समजूत बदलते तिथे.

सरकारला १९६० नंतर हे कळलं असावं, निदान त्याच्या हातून घडलं ते बरोबर घडलं. लोकांना ‘घाबरू नका’ असं सांगून उपयोग नव्हता. घाबरू नका म्हटल्यावर कोणता माणूस घाबरत नाही? १९६१ साली ठेव विमा महामंडळाचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून दर ठेवीदाराच्या दीड हजार रुपयांपर्यंतच्या ठेवीला विमा मिळाला. विम्याचा खरा उपयोग भरपाईपेक्षा वेगळा आहे. बाकीचे धावले तरी माझं बुडत नाही हे कळलं की मला बाकीच्यांकडे बघायचं कारण उरत नाही. १९६८ च्या दुरुस्तीने सहकारी बँकांना टप्प्याटप्प्याने त्यात येण्याची वाट झाली. मर्यादा १९९३ मध्ये एक लाख झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, ठेवीदारांना सुरुवातीला अवघे हजार रुपये काढता येत होते आणि मुंबईत शाखांसमोरच्या रांगा देशाने दूरदर्शनवर पाहिल्या. तीनच आठवड्यांनी बॅनर्जींना नोबेल जाहीर झालं, अर्थात दुसऱ्या कामासाठी. फेब्रुवारी २०२० मध्ये मर्यादा पाच लाखांवर गेली.

पतसंस्था मात्र या विम्यात कधीच नव्हत्या, आजही नाहीत. आमच्या पेढीच्या पाटीवर नोंदणी क्रमांक होता आणि गावात बहुतेकांना तो सरकारी हमीसारखा वाटे. मला फरक ठाऊक होता. अहवालातले आकडे मी दहा जणांना सांगितले, हे एकालाही सांगितलं नव्हतं.

आता उरला नववा. बॅनर्जींच्या हिशोबात नवव्याचा दोष नाही. झुंड एकदा सुरू झाली की पुढे येणारा प्रत्येकजण आपली खबर गिळून येतो, त्याच्या येण्यातून कोणाला काही कळत नाही. नववा असला काय, नसला काय. मी या वाक्याचा आधार बरीच वर्षं घेतला. पण त्याच साली निघालेल्या त्या दुसऱ्या निबंधात आणखी एक गोष्ट आहे. अशी झुंड फार ठिसूळ असते. एखाद्या उडत्या वाक्यावर उभी असते, म्हणून थोड्याशा चांगल्या माहितीनेही मोडते. आणि ज्याच्याकडे इतरांपेक्षा जास्त माहिती आहे असं लोक मानतात, तो उलटा वागला तर तो एकटा ती मोडू शकतो. गावात अहवाल वाचणारा मास्तर कोण, हे सगळ्यांना माहीत होतं. मी नववा होतो खरा, पण माझ्या मागच्यांच्या दृष्टीने मी पहिला होतो. दहाव्या माणसाने अकराव्याला सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं: “मास्तर उबे आसत, म्हणजे कायतरी असतलाच.” तेव्हा मागे वळून अहवालातले आकडे सांगितले असते तर रांग मोडली असती? कदाचित. आणि नसती मोडली तर मी अठरा हजारांना मुकलो असतो. मी वळलो नाही.

पेढीवर प्रशासक आला. कर्जं बहुतेक वसूल झाली, म्हणजे अहवाल खोटा नव्हता. ठेवी हप्त्याहप्त्याने परत मिळाल्या, व्याजाविना. काकींचा शेवटचा हप्ता २००६ साली आला. ते पैसे कुठे ठेवायचे हे विचारायला त्या माझ्याकडेच आल्या, तेव्हा मी त्यांना त्या सकाळचं सगळं सांगितलं. पेढी ठीक आहे हे मला ठाऊक होतं, हेही.

काकींनी नोटा पुन्हा मोजल्या, रुमालात बांधल्या. “तुमी नसतात तर दुसरो कोण तरी उबो रवलो असतो,” त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, “पण त्येका बघून मी थांबलंय नसतंय.”

पोस्ट दुपारी बंद होण्याआधी पोचायचं होतं म्हणून आम्ही निघालो.